मुलांना पन्नास वर्षांपूर्वीचं रॉक का आवडतं?



तुमच्या वर्गात किंवा घरात असं एखादं मूल नक्की असेल. वय चौदा-पंधरा. दप्तरावर मार्करने काढलेला एक त्रिकोण आणि त्यातून बाहेर पडणारे रंगीत पट्टे. वहीच्या शेवटच्या पानावर क्वीन, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड अशी नावं, तीही त्या त्या बँडच्या अक्षरांचं वळण गिरवून. विचारलं तर सांगतं, "मला जुनं रॉक आवडतं." जुनं म्हणजे किती जुनं? १९६८, १९७३, १९७५. म्हणजे त्याच्या आईबाबांचाही जन्म व्हायचा होता तेव्हाचं!

आपली पहिली प्रतिक्रिया बहुधा दोनपैकी एक असते. एक तर "हे काय नवीन खूळ?" किंवा मग कौतुक, "बघा, आमचा मुलगा आजकालचं फालतू काही ऐकत नाही." माझ्या मते दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, संगीताची तज्ज्ञ नाही. पण गेल्या काही वर्षांत अशी बरीच मुलं वर्गात आली. त्यांच्यामुळे ही गाणी ऐकावी लागली आणि ऐकता ऐकता लक्षात आलं की इथे शिकवण्यासारखं पुष्कळ आहे. काळजी करण्यासारखंही थोडं आहे. दोन्हींविषयी आज लिहिते.

आधी थोडी ओळख

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विजेची गिटार, बेस गिटार, ड्रम आणि गायक एवढा रॉकचा मूळ संसार. त्याची मुळं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या ब्लूज संगीतात आहेत. १९५० च्या दशकात चक बेरी, लिटल रिचर्ड, एल्विस प्रेस्ली यांनी ते घराघरांत नेलं. मग इंग्लंडमधल्या कामगार वस्त्यांतल्या आणि आर्ट कॉलेजांतल्या पोरांनी तेच संगीत उचललं, आपल्या पद्धतीने वाजवलं आणि परत अमेरिकेला विकलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये लिव्हरपूलचे बीटल्स अमेरिकेतल्या एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमात आले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला.

'क्लासिक रॉक' हे नाव मात्र नंतरचं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एफएम रेडिओ केंद्रांनी साठ-सत्तरच्या दशकांतली गाणी वेगळी काढून लावायला सुरुवात केली आणि हे लेबल चिकटलं. ज्यांनी ती गाणी केली त्यांनी स्वतःला 'क्लासिक' वगैरे म्हणवून घेतलं नव्हतं. तेव्हा तेही विशी-पंचविशीतलेच होते. मुलांना हे मुद्दाम सांगावं, कारण भिंतीवरच्या पोस्टरमधले लोक त्यांना थोर पुरुषांसारखे वाटायला लागतात.

हे पोचलं कसं?

फोनमुळे. याचं उत्तर खरं तर इतकं सोपं आहे. पूर्वी गाणं जुनं झालं की ते कॅसेटच्या खोक्यात, माळ्यावर जायचं. आता मोबाइलमध्ये माळा नाहीच. कालचं रॅप, आजीचा अभंग आणि १९७१ चं गाणं एकाच यादीत शेजारी शेजारी बसतं आणि मुलाला त्यातलं काहीच 'जुनं' दिसत नाही. त्याच्यासाठी ते आज सकाळी मिळालेलं नवीनच गाणं असतं.

त्यात एखादा चित्रपट किंवा मालिका धक्का देते. २०१८ मध्ये क्वीनवरचा 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' हा चित्रपट आला, त्यातल्या भूमिकेसाठी रामी मलेकला ऑस्कर मिळालं आणि आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्या तोंडी फ्रेडी मर्क्युरीचं नाव आलं. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत केट बुशचं १९८५ चं एक गाणं वाजलं. तब्बल ३७ वर्षांनी ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं! १९८५ मध्ये ते तिसऱ्याच क्रमांकापर्यंत पोचलं होतं.

तिसरी वाट गिटार क्लासची. गिटार शिकणाऱ्या मुलाला सोपं पण दणदणीत वाजणारं काहीतरी हवं असतं. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवातीची धून चार-पाच दिवसांत बोटांत बसते. आणि मूल एकदा ती धून वाजवू लागलं की त्यामागचं पूर्ण गाणं, मग तो अल्बम, मग तो बँड असं ओढत जातंच. जाता जाता सांगते, ते गाणं म्हणजे चक्क एक बातमी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात, जिनिव्हा सरोवराच्या काठी, दुसऱ्या एका कलाकाराच्या कार्यक्रमात कुणीतरी आगीचा बार उडवला आणि अख्खं कॅसिनो जळालं. तिथे ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या या बँडने सरोवरावर पसरलेला धूर पाहिला आणि त्यावरच गाणं केलं. मराठीच्या तासाला बातमी लेखन शिकवताना मी आमच्या मराठीच्या सरांना ही घटना दिली होती. कोण, कुठे, कधी, काय, कसं, सगळं त्यात आहे. मुलांनी मथळेही झकास दिले.

आणि काही घरांत ही आवड खरोखर आईबाबांकडूनच येते. मुंबईत धोबी तलावजवळच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम व्हायचे. १९८० मध्ये 'द पोलीस' हा ब्रिटिश बँड मुंबईत वाजवून गेला. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं. तिथे घाम गाळलेले तरुण आज पन्नाशी-साठीचे पालक आहेत. पालकसभेत ते कधी बोलत नाहीत, पण असतात!

एका पालकसभेतली गोष्ट

नववीतली एक मुलगी. अभ्यासात मध्यम, बोलायला कमी. सहामाहीत गणितात गुण घसरले. वडील भेटायला आले ते ठरवूनच.

"मॅडम, तुमचं ती ऐकते. तुम्हीच सांगा तिला. गिटार आता दहावी होईपर्यंत कपाटात. किल्ली माझ्याकडे."

मुलगी खाली मान घालून उभी. मी विचारलं, "रोज किती वेळ वाजवतेस गं?"

"पाऊण तास. कधी एक."

"एक तास? अडीच तास!" वडील म्हणाले. "आणि काय ते ऐकते, नुसता आरडाओरडा."

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "बाबा, तुम्ही ऐकलंय तरी का कधी?"

आता इथे शिक्षक म्हणून आपल्याला एक मोह होतो. 'संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारतं' असं काहीतरी सांगून मुलाची बाजू घ्यायची. मी तसं सांगितलं नाही, कारण गिटार वाजवल्याने गणिताचे गुण आपोआप वाढत नाहीत. वडिलांनी तोच प्रश्न विचारला आणि मी त्यांना स्पष्ट "नाही" म्हणाले. पण दुसरी एक गोष्ट मला माहीत होती. ही मुलगी चार मात्रांचा एक तुकडा चुकला म्हणून चाळीस वेळा परत वाजवते. आधी हळू, मग थोडा वेग, मग आणखी. ही चिकाटी तिने कुठल्याच विषयात अजून दाखवली नव्हती. ज्या एका जागी ती दाखवते, ती जागाच कुलूपबंद केली तर ती चिकाटी गणितात येईल, की नुसतीच नाहीशी होईल? मी वडिलांपुढे एवढाच प्रश्न ठेवला.

वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात हे मला बोलण्याबोलण्यात कळलं. म्हटलं, एक काम करा. घरी जाऊन तिच्याबरोबर एकच गाणं पूर्ण ऐका. शब्द सोडून द्या, ठेका ऐका. गाणं मात्र तिला निवडू द्या.

तिने पिंक फ्लॉइडचं १९७३ चं 'मनी' लावलं. दुसऱ्या दिवशी ती मला मधल्या सुट्टीत शोधत आली. "मॅडम, बाबा मोजत बसले होते. म्हणाले, अगं हे सातचं आहे, रूपकासारखं!" त्यांचं बरोबरच होतं. बहुतेक रॉक चारच्या मोजणीत चालतं, पण या गाण्याचा मुख्य भाग सात मात्रांचा आहे. विभागणी रूपकासारखीच आहे असं नाही, पण मात्रा सातच. मधल्या गिटारच्या तुकड्यात ते चारवर येतं आणि पुन्हा सातवर जातं. हे वडिलांनी न सांगता ओळखलं, जे मला कधीच ओळखता आलं नसतं.

तडजोड अशी झाली: गिटार कपाटाबाहेर. अभ्यास आटोपल्यावर रोज पाऊण तास, घड्याळ लावून. वाचताना, पाठ करताना कानात गाणं नाही, कारण शब्द असलेलं गाणं आणि वाचन दोन्ही भाषेचीच कामं आहेत आणि ती एकमेकांच्या आड येतात. दहावीच्या वर्षी जानेवारीपासून क्लास बंद, वाजवणं चालू. गणितासाठी वेगळी शिकवणी लावावी लागलीच. गिटारने तो प्रश्न सोडवला नाही.

गिटारच्या दांडीवरचं विज्ञान

त्या मुलीमुळे मला नववीच्या ध्वनीच्या पाठासाठी एक साधन मिळालं. तुमच्या शाळेत कुणाकडे गिटार असेल तर हा प्रयोग जरूर करा, तासाभरात होतो.

साधारण ६५ सेंमी लांबीची मोकळी तार छेडा. मग बाराव्या पडद्यावर बोट ठेवून छेडा. स्वर तोच, पण वरच्या सप्तकातला. मुलांना पट्टीने मोजायला लावा: आता कंप पावणारी तार ३२.५ सेंमी, बरोबर निम्मी. लांबी निम्मी, वारंवारता दुप्पट. सातव्या पडद्यावर मोजलं तर सुमारे ४३.३ सेंमी, म्हणजे दोन तृतीयांश. तो स्वर पंचम. मग पडद्यांमधली अंतरं का कमी कमी होत जातात, हा प्रश्न मुलंच विचारतात. प्रत्येक पडद्यागणिक वारंवारता सुमारे १.०५९५ पट होते. कॅल्क्युलेटरवर १.०५९५ ला बारा वेळा गुणलं की २ च्या अगदी जवळ येतं. गुणोत्तर श्रेढी अकरावीत येईल तेव्हा येवो, बोटांना ती आत्ताच कळते.

आता गंमत बघा. रॉकमध्ये ज्याला 'पॉवर कॉर्ड' म्हणतात, ज्याच्यामुळे ते संगीत इतकं भारदस्त वाटतं, तो म्हणजे दुसरं तिसरं काही नसून सा आणि प एकत्र. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केला की गंधारासारखे स्वर त्यात गढूळ होतात, सा-प मात्र स्वच्छ राहतात. म्हणून ते दोनच ठेवले. आपला तानपुरा कशात लावतात? तोच पंचम, तोच षड्ज. पखवाजवाल्या बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

दहावीला विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवताना विजेची गिटार आणाच. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, वेटोळ्यात विद्युतधारा निर्माण होते, ती मोठी करून स्पीकरला जाते. मग विचारा: याच गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या तर? वर्ग दोन मिनिटं शांत होतो आणि मग मागच्या बाकावरून बरोबर उत्तर येतं.

आणि तो दप्तरावरचा त्रिकोण. तो 'द डार्क साइड ऑफ द मून' या १९७३ च्या अल्बमचं मुखपृष्ठ आहे. (हा अल्बम १९८८ पर्यंत अमेरिकेच्या खपाच्या यादीत एकूण ७४१ आठवडे होता!) मुलं ते चित्र रोज अंगावर घालून फिरतात, पण नीट बघत नाहीत. प्रकाशाचं अपस्करण शिकवून झालं की तो टी-शर्ट घातलेल्या मुलाला फळ्यापाशी उभं करा आणि चित्रातल्या चुका काढायला सांगा. रंग सहाच आहेत, पारवा गायब आहे. प्रिझमच्या आत रंग वेगळे होताना दाखवलेले नाहीत, खरं तर पहिल्या पृष्ठभागापाशीच अपस्करण सुरू होतं. बरोबर काय आहे? तांबडा वर, जांभळा खाली, म्हणजे जांभळा जास्त वळला. हा प्रश्न मी चाचणीत दिला आहे. चित्र ओळखीचं असलं की मुलं उत्तर लिहितात.

पाचगणीचा मुलगा आणि लाकडाची गिटार

फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला हे सांगितलं की वर्ग उठून बसतो. मूळ नाव फारूख बलसारा, पारशी कुटुंब, जन्म १९४६ चा, झांजिबारचा. आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवलं. तिथे तो पियानो शिकला, मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला आणि 'फ्रेडी' हे नावही तिथेच पडलं. १९६४ मध्ये झांजिबारच्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं. इतक्या लहान वयात घरापासून हजारो मैल दूर राहणं त्याला कसं गेलं असेल, हा विचार मात्र आपण मोठ्यांनी करायचा आहे. निवासी शाळेतल्या शिक्षकांना ते वेगळं सांगायला नको.

पण पालकांना मी जास्त सांगते ते त्याच बँडच्या ब्रायन मे याच्याविषयी. १९६३ मध्ये हा मुलगा सोळा वर्षांचा. विकतची चांगली गिटार परवडत नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. बापलेकांनी मिळून घरीच गिटार करायला घेतली. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, आईची विणकामाची सुई, शिंपल्याची बटणं. दोन वर्षं लागली. तीच गिटार घेऊन तो पुढे जगभर वाजवत फिरला, तीही नेहमीच्या पट्टीऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने छेडून.

गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. तो लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये खगोलभौतिकीत पीएच.डी. करत होता आणि ते अर्धवट सोडून बँडकडे वळला. ज्या वडिलांनी गिटार करून दिली तेच दुखावले, काही काळ दोघांत अबोला होता. पुढे मुलाने त्यांना न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमाला नेलं, तेव्हा तो सुटला. आणि २००७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्याने तो प्रबंध पूर्ण करून डॉक्टरेट मिळवली. विषय होता सूर्यमालेतल्या धुळीच्या कणांचा वेग. "म्हणजे आमच्या मुलाने पण शिक्षण सोडावं म्हणता?" असं एका आईंनी विचारलं होतं. नाही हो. बहुतेक बँड चार कार्यक्रमांनंतर मोडतात आणि सोडलेलं शिक्षण क्वचितच परत धरता येतं. मुलांनाही मी हेच सांगते.

शिक्षकांवरचं गाणं

मुलं कधी ना कधी हे गाणं वर्गात आणतातच, तेही आपली परीक्षा घ्यायला. पिंक फ्लॉइडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग. अपमान करणाऱ्या शिक्षकांना आणि साच्यातून काढलेल्या शिक्षणाला त्यात ठणकावून नकार दिलेला आहे. मूल गाणं लावतं आणि आपल्या चेहऱ्याकडे बघतं. काही शाळांत अशा वेळी फोन जप्त होतो. मला वाटतं, तेव्हा आपण गाण्यातल्या शिक्षकाचंच काम करतो.

त्याऐवजी गाण्याची गोष्ट सांगा. ते लिहिणारा रॉजर वॉटर्स शिक्षकांचाच मुलगा. आई शिक्षिका, वडीलही शिक्षक. वडील दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये इटलीत अँझिओ इथे मारले गेले तेव्हा हा पाच महिन्यांचा होता. १९७९ मध्ये गाण्यात मुलांचे आवाज हवे होते. स्टुडिओजवळच लंडनची इझ्लिंग्टन ग्रीन ही सरकारी शाळा होती. तिथल्या संगीत शिक्षकांनी वर्गातल्या मुलांना नेलं आणि गाऊन घेतलं. मुलांचे आवाज एकावर एक चढवून कोरस मोठा केला. गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि लंडनच्या शिक्षण खात्याची मंडळी चिडली. शाळेला १००० पौंड मिळाले, मुलांना काहीच नाही. पुढे कायद्यात बदल झाल्यावर, २००४ च्या सुमारास, मोठ्या झालेल्या त्या मुलांना शोधून त्यांच्या मानधनाची मागणी करण्यात आली.

हे सांगून झालं की मी वर्गाला विचारते: त्या संगीत शिक्षकांनी मुख्याध्यापकांना विचारायला हवं होतं का? मुलांना पैसे मिळायला हवे होते का, आणि किती? शाळेविरुद्धच्या गाण्यात शाळेचीच मुलं, हे योग्य की अयोग्य? यावर इतका कडाक्याचा वाद होतो की घंटा ऐकू येत नाही. गेल्या वर्षी एक मुलगा म्हणाला, "सरांनी विचारलं असतं तर परवानगी मिळालीच नसती." लगेच एक मुलगी म्हणाली, "म्हणून विचारायचंच नाही?" दोघांचंही मी लिहून ठेवलंय.

आणि एक प्रसंग जरूर सांगावा. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट होती. काळ्या आणि मिश्रवर्णीय मुलांच्या शाळांना निकृष्ट शिक्षण मिळत होतं. त्या मुलांनी बहिष्कार पुकारला आणि हे गाणं म्हणत ती रस्त्यावर आली. सरकारने गाण्यावर बंदी घातली. ती मुलं शिक्षण नको म्हणून भांडत नव्हती, चांगलं आणि बरोबरीचं शिक्षण हवं म्हणून भांडत होती. आपल्याला जोतीराव-सावित्रीबाईंची परंपरा आहे, मुलांना हा फरक पटकन कळतो.

इंग्रजीच्या शिक्षकांसाठी एक सूचना: त्या गाण्याच्या पहिल्याच ओळीत एका वाक्यात दोन नकार आहेत. व्याकरणाने त्याचा अर्थ काय होतो आणि बोलीत काय होतो, हा अर्ध्या तासाचा छान पाठ आहे.

इतिहासवाल्यांना १९७१ ची मैफल सुचवेन. बांगलादेशातून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आलेले. पंडित रविशंकर यांनी आपला शिष्य आणि मित्र, बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन याला हाक दिली आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दोन कार्यक्रम झाले. सुरुवात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी केली. वाद्यं जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. पंडितजी हसत म्हणाले की जुळवणीच इतकी आवडली, तर वादनही आवडेल! तिकिटांमधून सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला गेले. नकाशा, निर्वासित, युद्ध आणि संगीत एकाच तासात बसतं.

न लपवता सांगायच्या गोष्टी

जिमी हेंड्रिक्स सप्टेंबर १९७० मध्ये गेला, जॅनिस जॉप्लिन ऑक्टोबर १९७० मध्ये, जिम मॉरिसन जुलै १९७१ मध्ये. तिघंही २७ वर्षांची. हेंड्रिक्सच्या मृत्यूमागे झोपेच्या गोळ्या, जॉप्लिनच्या मागे हेरॉइन. पोस्टरवर हे लिहिलेलं नसतं, उलट '२७' हा आकडा मुलांना गूढ आणि भारी वाटतो. मी साधं गणित घालते. हेंड्रिक्सचा पहिला अल्बम १९६७ चा. म्हणजे मृत्यूपर्यंत हाताशी किती वर्षं? तीन-साडेतीन. मग त्याच वयाच्या इतरांनी पुढची पन्नास वर्षं काय काय केलं ते बघा. लेक्चर लागत नाही.

दुसरी गोष्ट कानांची, आणि ती घराघरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, मुलांसाठी ७५ डेसिबल. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५. फोनचा आवाज पूर्ण केला तर आठवड्याचा कोटा पहिल्या दिवशीच संपू शकतो. 'द हू' या बँडचा पीट टाउनशेंड कानांच्या त्रासाविषयी जाहीरपणे बोलत आला आहे. 'एसी/डीसी'च्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्ध्यात सोडावा लागला. आवडत्या कलाकाराचं उदाहरण आपल्या दहा सूचनांपेक्षा जास्त काम करतं. शिवाय मंगळागौरीपासून मिरवणुकीच्या डीजेपर्यंत आपणच मुलांना काय ऐकवतो, तेही मोजून बघायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. चौदा वर्षांची मुलं "आजकालच्या संगीतात काही राम नाही" असं म्हणतात, अगदी माझ्या मामांसारखी! इथपर्यंत हसून घ्यावं. पण मग कोरियन पॉप ऐकणाऱ्या मुलींची टिंगल सुरू होते, लग्नात वाजणारी गाणी आवडणाऱ्या मुलाला 'गावठी' म्हटलं जातं. इंग्रजी गाणं आवडणं म्हणजे वरच्या पायरीवर असणं, हे कुणीही न शिकवता मुलं शिकतात. एकदा वर्गात हे झालं तेव्हा मी त्या रॉकवाल्या मुलांना एवढंच सांगितलं की १९५० च्या दशकात अमेरिकेतले बरेच प्रतिष्ठित लोक तुमच्या चक बेरीच्या संगीताला हाच शब्द वापरत होते, इंग्रजीतला. मग पुढच्या शनिवारी प्रत्येकाने दुसऱ्याच्या आवडीचं एक गाणं ऐकून त्यातली एक चांगली गोष्ट सांगायची असं ठरवलं. पिंक फ्लॉइडवाल्या मुलाच्या वाट्याला शाहीर साबळे आले. त्याने पोवाड्यातल्या डफाविषयी जे सांगितलं ते ऐकून आमचे मराठीचे सर दारातच थांबले.

असा तास घ्यायचा असेल तर दोन व्यावहारिक सूचना. गाणं आदल्या दिवशी स्वतः पूर्ण ऐका, शब्द वाचा. काही गाणी वर्गासाठी योग्य नाहीत आणि ते गाणं सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही. आणि छोटं गाणं निवडा. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' जवळजवळ सहा मिनिटांचं आहे, ३५ मिनिटांच्या तासिकेत ते परत लावायला मुलं सांगतातच.